वणव्यामुळं वस्ती सोडली, घर वाचलंय म्हणतात; परत कधी जावं?

तुमचा प्रश्न वाचला. डोंगरातला वणवा वस्तीपर्यंत आला म्हणून तीन दिवसांपासून तुम्ही गावातल्या शाळेत आहात. घर उभं आहे असं कळलंय, आई परत जायचं म्हणून हट्ट धरून बसलीय. आणि मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये मदत मागितली तर खरंच मिळते का, की नुसते हात जोडलेले येतात, असंही तुम्ही विचारलंय.

मी बीड जिल्ह्यातला, धारूरच्या घाटाकडचा. आमची वस्ती सात घरांची. २०२५ ची महाशिवरात्र होऊन दोनच दिवस झाले होते, तेव्हा आम्ही अशीच रातोरात वस्ती सोडली. पाच रात्री शाळेच्या व्हरांड्यात काढल्या. म्हणून सांगतोय.

उद्या जा, पण राहायला जाऊ नका, बघायला जा. सकाळी लवकर, वारं सुटायच्या आत, दोघंजण, पायात बंद बूट घालून. आईला आणि लेकरांना मागून न्या.

बूट का म्हणतो ते ऐका. आमच्या बांधावर एक जुनी बाभूळ होती. ती वरून जळाली तशी मुळापर्यंत जळत गेली, आणि जमिनीखाली पोकळी झाली. वर नुसती पांढरी राख, सपाट. माझ्या चुलतभावानं तिथं पाय टाकला आणि नडगीपर्यंत आत गेला. चप्पल वितळून तळव्याला चिकटली. आग लागून तिसरा दिवस होता तो, आणि आम्ही सगळे म्हणत होतो की विझलं सगळं.

कडब्याचं तर त्याहून वाईट. घरामागं सहाशे पेंढ्यांची गंज, पंधरा दिवसांपूर्वी रचलेली. जाळ तिची एक कड चाटून गेला होता. बाकी गंज शाबूत बघून आम्ही नारळ फोडायच्या बेतात होतो. चौथ्या दिवशी दुपारी वारं सुटलं आणि गंजीच्या पोटातून धूर निघायला लागला. पाण्याचा टँकर येईपर्यंत निम्मी गेली. दाबून रचलेला कडबा, शेणाचा उकिरडा, लिंबाचं पोकळ खोड, यांच्यात विस्तव कितीतरी दिवस दबा धरून बसतो. गंज वाचली असेल तर तशीच ठेवू नका. पाणी जवळ घ्या, पेंढ्या उतरवा, पांगवा. एकट्यानं मात्र उपसायला जाऊ नका, कारण आत हवा शिरली की भडका उडतो. राख गरम आहे का ते बघायचं तर तळहात नाही, हाताची मागची बाजू वरून धरायची. तिला लवकर कळतं, आणि पोळलीच तर काम करायचा तळवा तरी शाबूत राहतो.

विजेचं थोडक्यात सांगतो. मेन स्विच पाडूनच ठेवा. विहिरीवरच्या मोटारीच्या केबलचं वरचं रबर वितळलेलं असतं आणि ते लांबून दिसत नाही. लाइनमन बघून जाईपर्यंत स्टार्टरला हात लावू नका. गॅसची टाकी जाळाच्या झळीत आली असेल तर ती पेटवून बघायची नाही, एजन्सीला कळवायचं. गॅसगळतीचा वास आला तर १९०६.

आता ग्रुपचं. आमचा ग्रुप वणव्याचा नव्हताच. हवामानाचा अंदाज आणि कापसाचा भाव टाकायला कुणीतरी काढलेला, तीन तालुक्यांतली माणसं त्यात. शाळेत गेल्या गेल्या मी लिहिलं, ‘वस्तीला आग लागली आहे, मदत करा.’ तासाभरात सत्तरेक जणांनी हात जोडले, दहा जणांनी ‘काळजी घ्या’ लिहिलं, आणि एकानं त्याच धुंदीत उद्याचं हवामान टाकलं. मला राग आला. माझी पुतणी कॉलेजात शिकते, ती म्हणाली, ‘काका, तुम्ही मागितलंय काय ते तरी सांगा की.’ तिनं परत लिहिलं: मोठी जनावरं अकरा, शेळ्या चौदा, दहा दिवसांचा चारा, ताडपत्र्या चार, पाण्याचा टँकर रोज एक खेप, उतरवून घ्यायला माणूस अमुक ठिकाणी उभा राहील. रात्री साडेअकराला केजकडून छोटा हत्ती भरून कडबा आला. उतरवणाऱ्याला मी ओळखतही नव्हतो, त्यानं चहासुद्धा घेतला नाही.

तर मिळते. पण आकडा, ठिकाण आणि वेळ लिहा. आणि काय नको तेही लिहा. आम्ही ते लिहिलं नाही, म्हणून जुन्या कपड्यांची तीन पोती आली. ती एकाच्या पडवीत अजून पडून आहेत.

याच ग्रुपमध्ये परभणीकडचा एक मुलगा होता, नोकरीला अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळ. त्याच वर्षी ७ जानेवारीला तिथल्या अल्टाडीना भागात आग लागली होती, तिच्यात नऊ हजारांवर घरं-इमारती गेल्या. हाही घर सोडून आठवडाभर मित्राकडं राहिला होता. त्यानं विचारलं, ‘विमा कंपनीला फोन केला का?’ त्यावर शाळेच्या व्हरांड्यात आम्ही जे हसलो ते आमचं आगीनंतरचं पहिलं हसू. पण बाकीचं त्यानं कामाचं सांगितलं. एक, राख कोरडी झाडायची नाही. तोंडाला एन-९५ मास्क बांधायचा, आधी पाणी शिंपडायचं, मग गोळा करायची. आई म्हणाली, म्हणजे सडा टाकून झाडायचं, हे सांगायला अमेरिका कशाला लागते? दोन, पाणी. कॅलिफोर्नियात २०१७ ला सांता रोझात आणि २०१८ ला पॅराडाइज गावात मोठ्या आगी झाल्या, तेव्हा नळाच्या पाण्यात बेंझीन हे विषारी रसायन सापडलं होतं, आणि प्लॅस्टिकचे तापलेले पाइप हे त्याचं एक कारण मानतात. असं पाणी उकळलं म्हणून पिण्याजोगं झालं असं धरायचं नाही. आमची पाण्याची काळी टाकी एका बाजूनं वितळून लोंबत होती, पण आत पाणी होतं आणि आम्ही ते पिणारच होतो. ओतून दिलं. तुमच्याकडं टाकी किंवा पाइप पोळला असेल तर ते पाणी जनावरांनाही दाखवू नका.

धान्यावरून मात्र घरात भांडण झालं. पत्र्याच्या कोठीतली ज्वारी चांगली होती. पण माळवदाखाली ठेवलेल्या तीन पोत्यांना ठिबकच्या नळ्या जळाल्याचा धूर बसला होता. तो मुलगा म्हणाला टाकून द्या. ज्वारी टाकायची, हे आईच्या डोक्यातच बसेना. तिनं एक भाकरी करून बघितली. तव्यावर होती तोवर ठीक, तोंडात घातली तर जळक्या नळीची चव. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पोती खड्ड्यात गेली.

आमच्याकडं वणव्याचा आणि ऊसतोडीचा मोसम एकच पडतो, हे बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. फेब्रुवारीत कुसळी गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं, साग-पळसाचा पाला खाली असतो, आणि वस्तीतली धडधाकट माणसं कोयते घेऊन कोल्हापूर-कर्नाटकाकडं गेलेली असतात. आग विझवायला उरतात म्हातारे आणि शाळकरी पोरं. आमच्या सातातली तीन घरं कुलूपबंद होती. त्यातल्या एका जोडप्यानं उसाच्या फडातून व्हिडिओ कॉल केला. मी त्यांच्या दारापुढं मोबाइल धरून उभा. तो काहीच बोलेना, ती म्हणत होती, ‘दाजी, जरा डावीकडं घ्या. अजून. ते रांजणाचं बघा.’ रांजण फुटला होता. दाराला काळं पडलेलं कुलूप, किल्ली तिच्या कमरेला, चारशे किलोमीटरवर. आत काही धुमसत असेल तर दार उघडावं लागणार होतं. शेवटी सरपंच, पोलीस पाटील आणि चालू व्हिडिओ यांच्यासमोर कुलूप तोडलं, आत बघितलं, नवीन लावलं. तुमच्या वस्तीतही बंद घरं असतील तर असंच करा. नंतर ‘आमचं काय गेलं’ याचा वाद राहत नाही.

साफसफाईच्या आधी फोटो काढा, जळकं काहीही हलवायच्या आधी. तलाठ्यांना (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) लगेच कळवून पंचनामा करून घ्या. जनावर दगावलं असेल तर पुरू नका. आधी पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून शवविच्छेदन, मग खड्डा. आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत आग धरलेली होती: दुभत्या गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००, सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला १,२०,०००, आणि घराला जोडून असलेल्या गोठ्याला ३,०००. हो, तीन हजार. पत्र्यांची ने-आणसुद्धा त्यात भागत नाही, पण अर्ज सोडू नका. आमची एक म्हैस गेली, तिचे पैसे मिळाले, कडब्याचे नाही. कागद जळाले असतील तर घाबरू नका, डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन निघतो. बँकेचं पासबुक नवं मिळतं.

वाचलेल्या जनावरांकडं रोज बघा. खुरं आणि सड (आचळं). पहिल्या दिवशी जनावर ठीक चालतं, आणि आठवड्यानं खुराच्या वरच्या कडेला चीर पडून लंगडायला लागतं; आमच्या दोन शेळ्यांचं तसंच झालं. भाजल्या जागी हळद-तेल चोपडू नका, गार पाणी सोडा आणि १९६२ ला फोन लावा, पशुवैद्यकीय फिरतं पथक त्या नंबरवर असतं.

आग कुणी लावली हे तुम्ही विचारलं नाही, बरं केलं. आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी नाव घेत नाही. बांध साफ करायला काडी लावली, वारं फिरलं. मीही आयुष्यात पाच-सहा वेळा बांध पेटवलेत. माझं वारं फिरलं नाही, एवढाच फरक. आता आम्ही जानेवारीतच वस्तीभोवती दोन नांगर रुंदीचा पट्टा उलटून टाकतो. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहावरून आगीची सूचना मोबाइलवर पाठवते. कुणालाही नाव नोंदवता येतं, पुतणीनं माझं नोंदवलंय. आणि वनखात्याचा १९२६ नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवलाय. एक गोष्ट पावसाच्या आधी करा: घराच्या वरच्या अंगाला चर काढा. जळालेल्या उतारावर गवताचं मूळ उरत नाही, पहिल्याच मोठ्या पावसात राख-माती घेऊन पाणी थेट दारात येतं. आमच्या चुलीपर्यंत आलं होतं.

राहता राहिली आई. तुमची आई परत जायचं म्हणतेय, माझी उलट परत आल्यावर आत झोपायला तयार नव्हती. शेजारी कुणी चूल पेटवली तरी उठून बसायची. वडील म्हणाले, बोलू नका तिला काही. ते किल्लारीच्या वेळेस लातूरला हमालीला होते, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर धड उभ्या घरांतली माणसंसुद्धा कितीतरी दिवस अंगणात बाज टाकून झोपत होती, हे त्यांनी बघितलेलं. आईची बाज आम्ही अंगणात टाकली, बाजूला पाण्याचा भरलेला हंडा ठेवला. गुढीपाडव्यापर्यंत ती बाहेरच झोपली. बैल तर तिच्याही पुढं, मे महिन्यापर्यंत गोठ्यात शिरला नाही. लिंबाखालीच दावण केली त्याची.

तेव्हा तुमचं बघून झालं की आईला सकाळी दोन तास घेऊन जा, तिला जे बघायचं ते बघू द्या, वारं सुटायच्या आत परत आणा. दोन-तीन दिवस असंच. गंज आणि उकिरडा दोन दिवस धुरावला नाही, वीज बघून झाली, पाण्याची सोय झाली, की मुक्कामाला जा.

आणि तुमची जनावरं किती आहेत ते लिहिलं नाहीत. आकडा, गाव आणि उतरवून घेणारा माणूस कळवा. आमच्याकडं या वर्षी कडबा बरा झालाय.