पॅरिसहून एका दिवसात शार्त्र: काय पाहावं?

शार्त्र हे पॅरिसजवळचं, जुन्या कॅथेड्रलसाठी (मोठ्या चर्चसाठी) प्रसिद्ध असलेलं गाव. हे कॅथेड्रल तासाभरात आटोपून बाकीचा दिवस गावातल्या इतर जुन्या वास्तूंना देता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी उलट सांगेन: कॅथेड्रललाच तीन तास द्या.

गाडी मोंपार्नास स्टेशनवरून सुटते, तास-सव्वा तास लागतो. पॅरिसचा नाव्हिगो हा प्रवासाचा पास वाटेतल्या रांबुये स्टेशनपर्यंतच चालतो, त्यामुळे तिकीट वेगळं काढा. पासावरच पुढे गेलात तर दंड बसेल.

आधी पश्चिमेच्या दारासमोर उभे राहा. ११९४ च्या आगीत जुनं चर्च जळालं, पण हा दर्शनी भाग वाचला. म्हणून दाराच्या खांबांवरच्या उंच, सडसडीत मूर्ती बाराव्या शतकातल्या आणि मागची बहुतेक इमारत तेराव्या. उजवीकडचं साधं शिखर जुनं. डावीकडचं नक्षीदार शिखर १५०६ मध्ये वीज पडल्यानंतर नव्याने बांधलेलं.

खरा खजिना मात्र आतल्या रंगीत काचांचा. उन्हातून आत शिरताच सगळं काळपट दिसतं आणि लोक पाच मिनिटांत बाहेर पडतात. दहा मिनिटं बसा, डोळे सरावू द्या. दुर्बीण नक्की न्या, वरचे तपशील नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. खिडकी खालून वर वाचायची. दक्षिणेकडच्या भिंतीतली, बायबलमधल्या दयाळू शोमरोनी माणसाच्या गोष्टीची खिडकी शोधा: तळाला काम करणारे चांभार, त्यावर दरोडेखोरांनी लुटलेला वाटसरू, त्याला तसाच टाकून पुढे जाणारे दोघे, मग मदतीला आलेला परका माणूस, आणि त्याही वर आदाम-हव्वेची गोष्ट. एवढ्या एका खिडकीला वीस मिनिटं सहज लागतात. निळ्या वस्त्रातल्या मेरीची खिडकी पुढे वेदीच्या दक्षिणेला आहे. तिचा मधला भाग आगीच्या आधीचा. पश्चिमेच्या तीन खिडक्याही बाराव्या शतकातल्या. त्या दुपार कलल्यावर पाहा, तेव्हा ऊन थेट त्यांच्यावर येतं. फोनवर फोटो काढताना फोनच्या पडद्यावर, खिडकी दिसते तिथे, बोट टेकवून प्रकाश कमी करा, नाहीतर निळा रंग पांढरा पडतो.

फरशीवरचं सुमारे १३ मीटर व्यासाचं चक्रव्यूह एरवी खुर्च्यांखाली झाकलेलं असतं. वसंतापासून शरदापर्यंत शुक्रवारी खुर्च्या हटवतात. ते चालायचं असेल तर वार तसा निवडा. तळघर फक्त मार्गदर्शकासोबत दाखवतात, वेळ आधी विचारून घ्या.

नंतर उतारावरून अर नदीकाठी जा. जुने पूल, कपडे धुण्याचे लाकडी घाट आणि वाटेत से-पिएर चर्च. तिथल्या काचाही सुंदर आहेत आणि गर्दी जवळजवळ नसते. परत येताना चढ आहे, शिवाय रस्ते गोट्यांचे, तेव्हा सपाट तळाचे बूट घाला. फुटक्या बशांच्या तुकड्यांनी मढवलेलं पिकासिएत घर गावाबाहेरच्या बाजूला आहे. उन्हाळ्यात आलात आणि दोन तास हाताशी असतील तरच तिकडे वळा.