स्वस्त हॉटेल नंतर शोधू, आधी तो करार रद्द करा

नाशिकच्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय. मे महिन्यात नवरा, मुलगा आणि सासूबाईंना घेऊन आठवडाभर उत्तराखंडातल्या कुमाऊंला जायचंय. राहण्यावर रात्रीला तीन हजारांच्या वर खर्च करायचा नाही. बुकिंग ॲपवरून करावं की थेट फोन करून, आणि सरकारी पर्यटक निवास बरे असतात का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. पण शेवटी त्या लिहितात, "आठ दिवसांपूर्वी आम्ही एका हॉलिडे क्लबची दहा वर्षांची मेंबरशिप घेतली. मेमध्ये त्यांच्याकडे खोली नाही म्हणाले, म्हणून यंदापुरतं स्वस्त हॉटेल हवंय."

हॉलिडे क्लब म्हणजे आधी मोठी रक्कम भरून दरवर्षी ठरावीक रात्री क्लबच्या रिसॉर्टमध्ये राहायची योजना. ताई, हे यंदापुरतं नाही. दर मे महिन्यात तुम्हाला हेच ऐकायला मिळणार आहे. तुम्ही कराराचे फोटो पाठवलेत, त्यात दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात 'ब्लू सीझन' असं लिहिलंय. ब्लू म्हणजे ज्या आठवड्यांत हिल स्टेशनला कुणी फिरकत नाही ते. तुमची सुट्टी दिवाळीत आणि उन्हाळ्यात. नेमके तेच आठवडे तुमच्या मेंबरशिपमध्ये नाहीत. क्लबवाल्यांनी मॉलमध्ये भरून घेतलेल्या कूपनवर तुम्ही नोकरी 'शिक्षिका' अशीच लिहिली होती. हे माहीत असूनही क्लबच्या विक्रेत्याने ब्लू सीझन तुमच्या गळ्यात मारला, याचा मला संताप येतो.

आता हिशोब करू. मेंबरशिप 2 लाख 40 हजारांची. त्यातले 60 हजार तुम्ही भरले, उरलेल्या 1 लाख 80 हजारांचं तीन वर्षांचं कर्ज त्यांनी तिथल्या तिथे करून दिलं, 15 टक्क्यांनी. हप्ता सव्वासहा हजारांच्या आसपास, म्हणजे व्याजच 45 हजार. वर दरवर्षी 9 हजार मेंटेनन्स, दहा वर्षांचे 90 हजार. एकूण पावणेचार लाख. वर्षाला सात रात्री धरल्या तर दहा वर्षांत सत्तर. एका रात्रीला साडेपाच हजारांच्या जवळपास, तेही एकही रात्र वाया गेली नाही तर. निम्म्याच वापरल्या तर पावणेअकरा हजार. यात जेवण नाही.

दुसरी बाजू बघा. कर्ज न काढता हेच 2 लाख 40 हजार हळूहळू साठवून 7 टक्क्यांच्या एफडीत ठेवले, तर वर्षाला पावणेसतरा हजार व्याज येतं. त्यात मेंटेनन्सचे 9 हजार मिळवा. सात रात्रींना प्रत्येकी साडेतीन हजारांच्या वर सुटतात. हवं ते गाव, हवा तो महिना, आणि मुद्दल जागच्या जागी.

ते याला 'सुट्ट्यांमधली गुंतवणूक' म्हणाले. गुंतवणूक विकता येते. ही विकायला काढा, घेणारा मिळणार नाही. हॉटेलचे दर वाढतील हे खरं आहे, पण मेंटेनन्स वाढवण्याचा हक्कही क्लबने करारात स्वतःकडे ठेवलाय. 'दहा वर्षांनी पैसे परत' हे तोंडी सांगितलं, कागदावर कुठेच नाही. जेवायला बोलावून, 'आजच सही केली तर सूट' म्हणत दोन-तीन तास बसवून घ्यायचं, ही यांची ठरलेली पद्धत आहे.

तुमच्या करारात दहा दिवसांत रद्द करण्याचं कलम आहे. हे छापून येईपर्यंत ती मुदत टळेल, म्हणून पुढच्या गोष्टी ताईंना आधीच कळवल्यात. इतरांसाठी इथे देतो. क्लबला ई-मेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टनेही पाठवा, पावती जपून ठेवा. फोनवर 'सर बघतील' म्हणाले तर त्यावर विसंबू नका. कर्ज देणाऱ्या कंपनीला वेगळं लिहा, कारण कर्जाचा करार स्वतंत्र असतो. रागाच्या भरात हप्ता थांबवू नका, त्याने सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तुमचीच बिघडेल. दाद मिळाली नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जा. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, क्लबच्या गावी जावं लागत नाही.

आता कुमाऊं. नैनितालच्या मॉल रोडवर मेमध्ये तीन हजारांत चौघांची धड सोय होणं कठीण. भीमताल किंवा भवालीला राहा आणि नैनिताल दिवसा बघून या. कुमाऊं मंडल विकास निगमची पर्यटक आवास गृहं कौसानी, चौकोडी, मुनस्यारी अशा मोक्याच्या जागी आहेत. झगमगाट नाही, पण सासूबाईंना घेऊन जाताना मी याच जागा आधी बघेन. मेमध्ये त्या लवकर भरतात, तेव्हा बुकिंग आत्ताच करा. खासगी हॉटेलचा ॲपवरचा दर बघा आणि मग हॉटेलला थेट फोन लावा. कमिशन वाचत असल्याने बरेच मालक थोडं कमी करतात. जादा गादीचे किती, गरम पाणी किती वाजेपर्यंत आणि खोलीपर्यंत किती पायऱ्या, हे फोनवरच विचारा. 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 12 ऐवजी 5 टक्के आहे. कुणी जुना दर लावला तर बिल दाखवून हटका. दिल्लीत गाडी बदलताना रात्र काढावी लागली तर हॉटेल न शोधता कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर रेल्वेची रिटायरिंग रूम मिळते का ते आधी बघा.