रात्रीची राजकीय टिंगल: नुसतं हसू की काही समजही?

प्रश्न : अमेरिकी टीव्हीवर रात्री नेत्यांची टिंगल चालते, त्यातून प्रेक्षकांना खरंच काही कळतं का?

उत्तर : नेत्याची नुसती नक्कल असेल तर फारसं नाही. नियम कसा वाकवला जातो ते करून दाखवलं, तर पक्कं कळतं. विनोदी बातम्यांचा कार्यक्रम करणाऱ्या स्टीफन कोल्बेअरनं तेच केलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालानं कंपन्यांना, उमेदवारापासून स्वतंत्र राहून, प्रचारावर हवा तेवढा खर्च करायची मुभा दिली. त्यानंतर ‘सुपर पॅक’ नावाचे, प्रचारासाठी अमर्याद देणग्या घेणारे निधी उभे राहिले. कोल्बेअरनं रीतसर अर्ज करून 30 जून 2011 रोजी निवडणूक आयोगाकडून स्वतःच्या सुपर पॅकला मान्यता मिळवली. त्याचे वकील होते ट्रेव्हर पॉटर, याच आयोगाचे माजी अध्यक्ष! देणगीदाराचं नाव झाकायची युक्तीही त्यांनी कार्यक्रमातच उलगडली : डेलावेअरमध्ये एक पोकळ कंपनी काढायची, देणगी आधी तिच्याकडे वळवायची, तिथून सुपर पॅककडे. हिशेबात दिसते फक्त कंपनी. जानेवारी 2012मध्ये कोल्बेअरनं स्वतःच्या उमेदवारीची भाषा सुरू करताच ‘उमेदवार आणि पॅक यांनी संगनमत करू नये’ हा नियम आडवा आला. मग पॅक कॅमेऱ्यासमोरच त्याचा मित्र आणि तसाच विनोदी कार्यक्रम करणाऱ्या जॉन स्टुअर्टच्या नावावर झालं. जानेवारीअखेरपर्यंत त्यात दहा लाख डॉलरहून अधिक जमले होते. पेन्सिल्वेनिया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग केंद्राला पुढे आढळलं, की निवडणूक निधीच्या नियमांबद्दल या कार्यक्रमाच्या प्रेक्षकांची माहिती बातम्यांच्या वाहिन्या पाहणाऱ्यांपेक्षा चांगली होती.

प्रश्न : पण त्यानं निर्णय बदलतात का?

उत्तर : निर्णय अजून व्हायचा असेल आणि लोकांना काही करता येण्याजोगं असेल, तर जोर चढतो. नेट न्यूट्रॅलिटीचा (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी सगळ्या संकेतस्थळांना सारखंच वागवावं या तत्त्वाचा) प्रस्ताव मांडून दूरसंचार आयोगानं मे 2014मध्ये सूचना मागवल्या. अशाच कार्यक्रमाचा सूत्रधार जॉन ऑलिव्हरनं 1 जूनला तो रटाळ विषय तेरा मिनिटांत सोपा केला आणि सूचना पाठवायचा पत्ता पडद्यावर दाखवला. सूचनांच्या लोंढ्यानं आयोगाची यंत्रणा अडखळली. फेब्रुवारी 2015मध्ये कडक नियम आले. श्रेय एकट्या ऑलिव्हरचं नव्हे, संघटना आधीपासून झटत होत्या. 2017मध्ये त्यानं पुन्हा तसंच आवाहन केलं, सूचनाही आल्या. पण तोवर आयोगातलं बहुमत पालटलं होतं, आणि डिसेंबरात तेच नियम रद्द झाले.