मलीद्याला मामा आला तर?

पत्र असं आहे:

"माई, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबागकडचे, आता ठाण्यात. माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाला. ते आम्ही कसंबसं गिळलं. आता नोकरी सोडून तो मिशनरी व्हायला निघालाय. पप्पा ऐंशीचे आहेत, त्यांनी त्याचं नाव टाकलंय. पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न आहे, त्याआधी घरी मलीदा, म्हणजे आमची पोह्यांचा प्रसाद ठेवून करायची प्रार्थना. भाऊ म्हणतो, मी येणार. पप्पा म्हणतात, तो आला तर मी उठून जाईन. त्यात भावानं जोसेफ वोल्फ नावाच्या एका ज्यू मिशनऱ्याच्या आयुष्यावरची पुस्तिका पाठवली आहे. म्हणतो, 'ताई, पप्पांना वाचून दाखव, त्यांना माझं मन कळेल.' वाचून दाखवू का?"

ताई, नको. पुस्तिका कपाटात ठेवा.

ऐंशी वर्षांच्या माणसाला त्याच्याच लेकीच्या तोंडून धर्म बदललेल्या परक्या माणसाची थोरवी ऐकवायची, ही कल्पना मला मुळीच पटत नाही. आपलं मन बापाला कळावं असं वाटत असेल तर ते त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं. तुम्ही टपालवाल्या नाही आहात.

पण वोल्फबद्दल बोलूया, कारण अशा पुस्तिका सोयीचं तेवढंच सांगतात आणि मी या माणसाबद्दल बरंच वाचलंय. १७९५ साली बव्हेरियातल्या एका खेड्यात रब्बीच्या घरी त्याचा जन्म झाला. हिब्रू घरातच शिकला. लहान असताना शेजारच्या न्हाव्यापुढे तो मसीहाच्या गोष्टी रंगवून सांगायचा. न्हाव्यानं एकदा त्याला येशूबद्दल सांगितलं आणि यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथातला त्रेपन्नावा अध्याय वाच म्हणून घरी पाठवलं. पोरानं वडिलांना विचारलं, तर त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की हा पुढे बोललाच नाही. नंतर मात्र वडील आईपाशी रडत बोलत होते ते त्यानं ऐकलं: आपला मुलगा ज्यू राहायचा नाही, सारखा फिरत असतो आणि विचार करत असतो, हे काही स्वाभाविक नाही.

हे त्यानं स्वतःच पुढे आत्मचरित्रात सांगितलंय. मला त्याच्या सगळ्या प्रवासांपेक्षा हे वाक्य जास्त लक्षात राहिलं. तुमच्या पप्पांनीही असं काही मम्मींपाशी म्हटलं असेल. तुमच्या भावानं ते ऐकलं होतं का, हे त्याला एकदा विचारा.

बाकीचं थोडक्यात सांगते. ख्रिस्ती व्हायचंय म्हटल्यावर नातलगांच्या घरातल्या बाईनं चुलीतली सळई त्याच्या अंगावर फेकली. १८१२ साली, सतराव्या वर्षी, प्रागमध्ये बाप्तिस्मा. मग रोमला शिकायला गेला, तिथे पोपच्या अधिकारावरून वाद घालत बसला, तेव्हा तिथूनही हाकलला गेला. इंग्लंडला जाऊन अँग्लिकन झाला. १८२१ पासून इजिप्त, जेरुसलेम, इराण. नंतर इस्राएलच्या हरवलेल्या वंशांच्या शोधात बुखारा आणि अफगाणिस्तान. वाटेत त्याला लुटलं, कपडेसुद्धा काढून घेतले, आणि शेकडो मैल तो तसाच चालत काबूलला पोचला. १८४३ मध्ये पुन्हा बुखाऱ्याकडे निघाला, तिथल्या अमीरानं कैद केलेल्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांचा छडा लावायला. त्यांची मुंडकी आधीच, १८४२ मध्येच, उडवली होती. हा पाद्र्याचा झगा घालून, हातात बायबल धरून शहरात शिरला आणि कसाबसा जीव वाचवून परतला. भावाला हेच आवडलं असणार. कोणाला नाही आवडणार! पण त्याची बायको जॉर्जियाना लहान मुलाला घेऊन घरी वाट बघत बसायची, ते पुस्तिकेत किती ओळींत आलंय बघा. आणि येशू १८४७ साली परत येणार असं भाकीत यानं केलं होतं. ते वर्ष इतर वर्षांसारखंच गेलं.

आता तुमच्या पप्पांकडे येते. हा वोल्फ १८३३ मध्ये मुंबईलाही आला होता. तेव्हा इथे जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी होते. त्यांनी आदल्याच वर्षी तुमच्या लोकांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं होतं. हेतू उघड होता. झालं वेगळंच. बेने इस्राएल मुलं मिशनच्या शाळांत गेली, हिब्रू शिकली, आणि ते हिब्रू घेऊन मशिदीत परत आली. (इतर वाचकांसाठी सांगते, बेने इस्राएल आपल्या प्रार्थनाघराला, म्हणजे सिनेगॉगला, मशीदच म्हणत आलेत.) ख्रिस्ती झालेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पप्पांना हा इतिहास माझ्याहून जास्त माहीत असेल. दोनशे वर्षं जे फारसं कोणाला जमलं नाही ते आपल्या घरात घडलं, हे त्यांना खुपतंय.

आणि दुसरं आहे मिनियानचं. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. १९४८ नंतर तुमची बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. जे इथे राहिले त्यांनी दर शब्बाथला, शनिवारच्या प्रार्थनेला, डोकी मोजली आहेत. नववा आला, दहावा कुठेय? पप्पांच्या लेखी तुमचा भाऊ म्हणजे त्या दहातला एक. तुम्ही दोघं याला हट्ट म्हणत असाल. मला त्यात मोजून मोजून थकलेला माणूस दिसतो.

म्हणून पप्पांशी धर्मावर वाद घालू नका. तालमूदात, ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, एक वचन आहे: पाप केलं तरी तो इस्राएलच, म्हणजे आपल्यातलाच. हे त्यांना तुम्ही सांगू नका, मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्या हझानसाहेबांना सांगायला लावा. त्यांचं ऐकतील. वचनाचा अर्थ लावण्यावरून दोघांची तासभर जुंपली तर उत्तमच, तेवढा वेळ त्या पोराचं नाव तरी घरात निघेल.

भावाला फोन मात्र तुम्हीच करा. म्हणावं, मिशनरी म्हणून येऊ नकोस, नवरीचा मामा म्हणून ये. खिशात पत्रक नाही, कोणाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना नाही, तरुण पोरांना गच्चीवर घेऊन बोलणं नाही. हे मान्य नसेल तर त्यानं लग्नालाच यावं, मलीद्याला नको. एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या, नावानं घरात बसून केलेली ती प्रार्थना आहे, तिथे पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहायचं असतं. आणि पप्पांना एक पत्र लिहायला सांगा, हातानं, एकही वचन न घालता. नोकरी का सोडली, पैशाचं काय करणार, कुठे राहणार. ऐंशीच्या बापाला याची काळजी असते, पण ती विचारता येत नाही.

एक कोरडी गोष्ट त्याच्या कानावर असू द्या. तुमच्यापैकी कोणाचा इस्राएलला जायचा विचार असेल, तर १९७० च्या दुरुस्तीनंतर ज्यूंना तिथे येऊन नागरिक होण्याचा हक्क देणाऱ्या परतीच्या कायद्यात ज्यू म्हणजे दुसऱ्या धर्माचा नसलेला, असं स्पष्ट लिहिलंय. तुम्हाला जो हक्क आहे तो त्याला नसेल. नंतर कळून भांडणं होण्यापेक्षा आत्ताच कळू दे.

त्याला वाचायचंच असेल तर वोल्फऐवजी शेरेशेव्स्की वाच म्हणावं. हाही ज्यू, लिथुआनियाचा, रब्बी होण्यासाठी शिकलेला. ख्रिस्ती होऊन १८५९ मध्ये चीनला गेला. लहानपणी पाठ केलेल्या हिब्रूच्या जोरावर त्यानं जुना करार थेट चिनी बोलीत आणला. १८८१ मध्ये ऊन लागून अंग लुळं पडलं, तेव्हा खुर्चीत बसून, एका बोटानं टंकयंत्राची कळ दाबत वीसेक वर्षं तेच काम करत राहिला. घरातून जे नेलं होतं त्यावरच त्याचं आयुष्य उभं राहिलं. भावानं तुमच्या घरातून काय काय नेलंय, ते पप्पांना लिहायच्या पत्रात घालता येईल.

पप्पा उठून जाण्याची धमकी खरी करतील असं मला वाटत नाही, पण केलीच तर त्यांना अडवू नका. घर तुमचं, लग्न तुमच्या मुलीचं, आमंत्रणही तुमचंच. ते त्यांच्यापुढे आधीच स्पष्ट ठेवा, परवानगी मागू नका. आतली खोली मोकळी ठेवा, एखाद्या काकांना त्यांच्याजवळ बसवा. मलीद्याचे पोहे नेहमीपेक्षा थोडे जास्त करा, आणि पप्पांचं ताट आत न्यायची वेळ आलीच तर ते भावाच्या हाती देऊ नका, तुमच्याही नाही. नवरीला पाठवा.