फोरगो लिहून देण्याआधी एकदा वाच

अगं, बँकेत स्केल थ्रीच्या (अधिकाऱ्यांच्या तिसऱ्या श्रेणीच्या) प्रमोशन लिस्टमधे नाव आलं पण पोस्टिंग लांबच्या झोनला, लेक दुसरीत, नवरा पुण्यात, म्हणून प्रमोशन फोरगो करू का, म्हणजे लेखी नाकारू का, असं विचारलंयस. मी सरकारी बँकेत २९ वर्षं काढली आणि हीच चूक केली, म्हणून सविस्तर लिहितेय.

चार ओळींचं पत्र होतं माझं, 'कौटुंबिक कारणास्तव पदोन्नती स्वीकारण्यास असमर्थ आहे'. साहेब म्हणाले घरही बघायलाच हवं, आणि पत्र ठेवून घेतलं. कोणी अडवलं नाही की वाकडं बोललं नाही, आणि मला आजही तेच सलतं, कारण फाइलवर सही फक्त माझी आहे. माझ्याच बॅचचा एकजण, त्याचा आणि माझा मुलगा एकाच बालवाडीत, तो गेला नांदेडला, घर बायकोने सांभाळलं, तिथे त्याला ब्रँच मिळाली. मी डेस्कवरच. पुढे स्केल फोरच्या इंटरव्ह्यूला मला पहिलाच प्रश्न, मॅडम, ब्रँच किती वर्षं चालवलीत? काय सांगणार होते मी!

वरच्या खुर्च्यांवर बायका का नाहीत ह्याचं कारण लोक वरच शोधतात, खरी गळती होते ती स्केल टू-थ्रीला, बदलीच्या ऑर्डरपाशी. स्टेट बँकेचा इतिहास पार १८०६ पर्यंत मागे जातो, तिथे पहिल्या महिला अध्यक्ष अरुंधती भट्टाचार्य, त्या २०१३ साली. त्यांच्यानंतर रजनीश कुमार, दिनेश खारा, सेट्टी, तिघंही पुरुष. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या बोर्डावर निदान एक बाई सक्तीची केली, चांगलंच केलं, पण त्याने तुझ्यामाझ्यासारखीची बदली काही जवळ येत नाही.

म्हणून लगेच फोरगो लिहून देऊ नकोस. आधी बदलीचा अर्ज कर. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०१४ मधे सरकारी बँकांना कळवलंय की विवाहित महिला कर्मचाऱ्याने मागितलं तर तिला शक्यतो नवऱ्याच्या गावी किंवा जवळपास पोस्टिंग द्यावं. त्यात 'शक्यतो' आहे, हक्क नाही, पण अर्जात त्याचा उल्लेख असला की नकार द्यायलाही त्यांना काहीतरी लिहावं लागतं. अर्जाची पोच घे, तोंडी आश्वासनावर राहू नकोस. स्टेट बँकेत मुलांसाठी दोन वर्षांपर्यंत सबॅटिकल, म्हणजे दीर्घ रजा, मिळते, तुमच्याकडे तशी सोय आहे का ते एचआरचं सर्क्युलर काढून बघ. आणि तिकडे जावंच लागलं तर डेस्क नको, ब्रँचच माग.

अजून एक, राग मानू नकोस. एवढं सगळं लिहिलंस, लेकीची शाळा, सासूबाईंचे गुडघे, पण नवऱ्याला बदली किंवा घरून काम मिळू शकतं का ह्यावर एक ओळ नाही. विचारलंयस का त्यांना? आज रात्री विचार. जॉइनिंगची तारीख मला कळव, अर्जाचा ड्राफ्ट मी बघून देते.