४ सेंटीमीटरची गाठ निघाली आहे, पिशवी काढावी का?

तुम्ही लिहिलंय, वय ४३, दापोलीला सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पिशवीत फायब्रॉईडची, म्हणजे स्नायूंची, गाठ दिसली, पाळी वेळेवर, त्रास काहीच नाही, पण शेजारणी म्हणतायत, "पिशवी काढ आणि मोकळी हो." ताई, नुसत्या मापावरून पिशवी काढू नका.

मी गुहागरकडची. मला दोन गाठी होत्या. ६ सेंटीमीटरची पिशवीच्या बाहेरच्या अंगाला, दीड सेंटीमीटरची आत, अस्तराला लागून. घरच्यांनी धसका घेतला मोठीचा, आणि माझं रक्त पीत होती ती धाकटी! आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या तोंडावरच्या, दिवसांत दर तासाला पॅड बदलायचे, गुठळ्या पडायच्या, आणि घराची पाखाडी चढताना तीनदा टेकायला लागायचं. वय झालं, असं मीच स्वतःला सांगायचे. चिपळूणला रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ७.१ निघालं. बायकांना १२ तरी हवं. आधी शिरेतून लोह दिलं, मग खालूनच दुर्बीण घालून धाकटी काढली, पोटावर एक टाका नाही. मोठी अजून तिथेच आहे. वर्षातून एकदा सोनोग्राफीत भेट होते.

म्हणून डॉक्टरांना आधी हे विचारा की गाठ नेमकी कुठे आहे. आणि हिमोग्लोबिन याच आठवड्यात करा, कारण हळूहळू उतरलेलं रक्त आपल्याला कळत नाही, अंगवळणी पडतं. ते ठीक असेल तर सहा महिने-वर्षाने पुन्हा सोनोग्राफी, एवढंच. पाळी गेल्यावर या गाठी बहुधा आक्रसतात. पाळी गेल्यानंतर गाठ वाढली किंवा अंगावरून रक्त गेलं, तर मात्र एक दिवसही थांबू नका. कॅन्सरच्या धाकाने कोणी घाई करत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. या गाठी जवळजवळ नेहमी साध्याच निघतात.

पुढे त्रास झालाच तरी पिशवी काढणं ही पहिली पायरी नाही. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे, नुसती गाठ काढता येते, गाठीला जाणारी रक्तवाहिनी बंद करता येते. पिशवी काढायचीच ठरली तर अंडाशय ठेवणार ना, हे आधी विचारून घ्या. आमच्याकडे कोणी सांगतच नाही.

माझ्या जावेची पिशवी काढली, आणि तिच्या बाबतीत ते बरोबरच होतं. गाठीच्या दाबाने तिची लघवी अडायची, मूत्रपिंडाला सूज आली होती. काढ्यांवर दोन वर्षं घालवली होती तिने.