उबुंटू अपग्रेड केल्यापासून लॅपटॉप मध्येच हँग होतो; फॉरमॅट करावा का?

फॉरमॅट करू नका, इतक्यात तरी नको. तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर अपग्रेड केलंत, तेव्हापासून लॅपटॉप दिवसातून एखाद-दोनदा अचानक थिजतो, माउसचा बाणही हलत नाही, पॉवर बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि जो तो ‘फॉरमॅट मारून नव्याने टाक’ म्हणतोय. नव्याने टाकलंत तरी तोच कर्नल (सिस्टिमचा गाभा), तेच ग्राफिक्स ड्रायव्हर, तेच फर्मवेअर (हार्डवेअरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) परत येणार. दोष त्यात असेल तर सगळी मेहनत करून तुम्ही याच जागी परत याल, शिवाय आत्ता हाताशी असलेला पुरावाही पुसला गेलेला असेल.

बाकी काही करण्याआधी महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप मात्र घ्या. हँग होण्याचं मूळ डिस्कमध्ये असू शकतं, आणि तसं नसलं तरी दरवेळी जबरदस्तीने बंद करताना अर्धवट लिहिलेल्या फाइल्स खराब होण्याचा धोका असतोच.

आता मुख्य गोष्ट. अपग्रेडमध्ये एकाच वेळी शेकडो गोष्टी बदलतात: कर्नल, ग्राफिक्सची लायब्ररी, डेस्कटॉप, फर्मवेअर, वीज वाचवण्याच्या पद्धती. ‘अपग्रेडमुळे झालं’ एवढ्यावरून काहीच हाती लागत नाही. लॅपटॉप नेमका कसा हँग होतो, यावरून मात्र बरंच कळतं. म्हणून पुढच्या वेळी तो थिजला की लगेच पॉवर बटणाकडे जाऊ नका, दोन मिनिटं तपासणीला द्या.

सगळ्यात आधी कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कर्नल जिवंत आहे, फक्त पडदा अडकलाय. गाणं चालू होतं आणि चित्र थांबलं तरी आवाज येत राहिला, तर त्याचाही अर्थ तोच. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन विचारलं गेलं तर तुमचा संशयित जवळजवळ नक्की झाला: ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा डेस्कटॉप. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबून पुन्हा डेस्कटॉपवर येता येतं.

दिवा बदलतच नसेल तर प्रकरण जास्त खोल आहे. कर्नल स्वतःच अडकलाय किंवा हार्डवेअरने दगा दिलाय. दिवा आपोआप लुकलुकत असेल तर तो बहुतेक कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलने स्वतःहून हात टेकले. काही लॅपटॉपना कॅप्स लॉकचा दिवाच नसतो. तिथे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, आत जायचा प्रयत्न करा (त्यासाठी ओपनएसएसएच सर्व्हर आधीच टाकून ठेवावा लागतो). पिंगला (नेटवर्कवरून घातलेल्या हाकेला) उत्तर येतं पण एसएसएच आत घेत नाही, अशी अवस्था दिसली तर कर्नल चालू आहे आणि डिस्क किंवा मेमरीपाशी सगळी रांग खोळंबली आहे, असं समजायला हरकत नाही.

आणखी दोन प्रकार आहेत, ते लोक हमखास या सगळ्यात मिसळून टाकतात. बाण अडखळत अडखळत का होईना हलतो, डिस्कचा दिवा पेटलेलाच राहतो आणि पाच-दहा मिनिटांनी कधीकधी सगळं परत ठिकाणावर येतं, तर ती मेमरी संपल्याची खूण. उघडे प्रोग्राम थोडा वेळ चालतात, नवं काहीच उघडत नाही, मग एकेक करून सगळे गप्प होतात, तर डिस्ककडे बघा.

पॉवर बटणाऐवजी वापरण्यासारखी एक सोय कर्नलमध्येच आहे. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरायचं आणि मध्ये दोन-तीन सेकंद सोडत एस, यू, बी ही अक्षरं एकेक करून दाबायची. एस म्हणजे मेमरीत अडकलेलं सगळं डिस्कवर उतरवणं, यू म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवणं, बी म्हणजे रीस्टार्ट. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कीही लागते. मोठी सहा अक्षरी यादी तुम्हाला इतरत्र वाचायला मिळेल, पण उबुंटूत या सोयीचं मूळ सेटिंग १७६ असतं आणि त्यात ही तीनच चालतात. तीन पुरेशी आहेत. फाइल्स तर वाचतातच, पण माझ्या लेखी त्याहून मोठा फायदा म्हणजे शेवटच्या क्षणांच्या नोंदी लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या रोजनिशीत, पोचतात. पॉवर बटणाने बंद केलं की नेमक्या त्याच हरवतात. या अक्षरांनाही लॅपटॉप दाद देत नसेल तर तोही एक निष्कर्षच: कर्नल पूर्ण मेलेला होता.

रीस्टार्ट झाल्यावर टर्मिनल उघडून मागच्या बूटचा (म्हणजे त्याआधी चालू केलं होतं तेव्हाचा) लॉग वाचा. कमांड आहे जर्नलसीटीएल, तिला तीन पर्याय द्यायचे: वजा के (फक्त कर्नलचे संदेश), वजा बी आणि त्यापुढे वजा १ (आधीचा बूट). थेट शेवटी जा आणि तिथून वर वाचत या. वर लाल रंगात पन्नास चुका दिसतील, त्यांनी घाबरून जाऊ नका. धडधाकट लॅपटॉपच्या लॉगमध्येही बूट होताना एसीपीआय (वीज-व्यवस्थापन) आणि ब्लूटूथच्या तक्रारी असतात. हँग झाला त्या वेळेच्या आसपासच्या ओळीच महत्त्वाच्या.

तिथे ‘जीपीयू हँग’ दिसलं तर इंटेलचं ग्राफिक्स, ‘रिंग जीएफएक्स’ आणि ‘टाइमआउट’ दिसलं तर एएमडीचं, ‘एनव्हीआरएम’ आणि ‘एक्सआयडी’ दिसलं तर एनव्हिडियाचं. ‘कंट्रोलर इज डाउन’ हे एनव्हीएमई एसएसडीचं (वेगवान डिस्कचा एक प्रकार). ‘आउट ऑफ मेमरी’ स्वतःच बोलतं. ‘सॉफ्ट लॉकअप’ म्हणजे प्रोसेसरचा एक कोअर कुठेतरी अडकून पडला, ‘ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स’ म्हणजे एखादा प्रोग्राम बहुधा डिस्ककडून उत्तर येण्याची वाट बघत बसला. आणि लॉग मध्येच, काहीही न बोलता तुटला असेल तर वीज, तापमान, रॅम किंवा प्रोसेसरच्या गाढ झोपेच्या अवस्था यांच्याकडे संशयाची सुई वळते.

लॉगने काही सांगो न सांगो, जुन्या कर्नलची चाचणी कराच. चालू करताना एस्केप दाबून (जुन्या बायोसच्या लॅपटॉपवर शिफ्ट धरून) ग्रबचा (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि आधीच्या आवृत्तीचा कर्नल निवडा. ही चाचणी फुकटची आहे, उलटवता येते आणि संशयाचं अर्धं क्षेत्र एका फटक्यात बाद करते. मात्र तिचा अर्थ लावताना घाई होते. दिवसातून एकदा हँग होणारा लॅपटॉप जुन्या कर्नलवर तासभर नीट चालला, यातून काहीही सिद्ध होत नाही. दोन हँगमध्ये एरवी जेवढा वेळ जातो त्याच्या तिप्पट-चौपट वेळ, रोजचंच काम करत, तो बिनघोर चालला पाहिजे. तुमच्या बाबतीत म्हणजे तीन-चार दिवस. तसा चालला तर दोष कर्नलचा, नाहीतर बाकीच्या गोष्टींचा.

यात एक गोम आहे. २२.०४ सुरुवातीला ५.१५ कर्नलवर आलं, पण डेस्कटॉपवर टाकलेल्या २२.०४ ला अपडेटमधून नवे कर्नल मिळत गेले आणि शेवटी तेही ६.८ वर पोचलं. २४.०४ सुरू झालं तेच ६.८ वर. म्हणजे अपग्रेडच्या आधीच तुम्ही ६.८ वर असाल आणि आताही ६.८ च असेल, तर कर्नलवरचा संशय बराच कमी होतो. आत्ताचा कर्नल यूनेम वजा आर ही कमांड सांगेल, आधीचा जुन्या बूटच्या लॉगच्या पहिल्या ओळीत सापडेल.

कारणांमध्ये मी ग्राफिक्सला सगळ्यात वर ठेवतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर डीकेएमएस स्टेटस ही कमांड चालवा, ड्रायव्हर कोणत्या कर्नलसाठी तयार आहे ते ती दाखवते. नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचा मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) तयारच झाला नाही, किंवा सिक्युअर बूट (सही असलेलंच चालू देणारी सुरक्षा) चालू असल्याने सही नसलेला मॉड्यूल नाकारला गेला, असं अपग्रेडनंतर बऱ्याचदा होतं. मग कधीकधी नूव्हो नावाचा मुक्त ड्रायव्हर गुपचूप त्याची जागा घेतो आणि काही कार्डांवर तो हँग होतो. ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’मधून शिफारस केलेला ड्रायव्हर पुन्हा टाका आणि सिक्युअर बूटची चावी नोंदवायचा निळा पडदा आला तर तो वगळू नका. इंटेलवर पडद्याची वीज वाचवणारी पीएसआर नावाची युक्ती काही लॅपटॉपना सोसत नाही, आय९१५.एनेबल_पीएसआर=० हा पर्याय ती बंद करतो. लॉगिनच्या पडद्यावर गिअरच्या चिन्हातून वेलँडऐवजी एक्सऑर्ग (पडद्यावर चित्र उमटवण्याच्या या दोन पद्धती) निवडून बघणं २४.०४ वर शक्य आहे, तेही करा. आणि २२.०४ असताना बाहेरच्या पीपीएमधून (उबुंटूच्या स्वतःच्या नसलेल्या पॅकेजसाठ्यातून) ग्राफिक्सची पॅकेजेस टाकली असतील तर अपग्रेडने ते पीपीए बंद केलेत, पण पॅकेजेस जुनीच राहिली असू शकतात. अशी सरमिसळ फार त्रास देते.

वरचे कर्नलचे पर्याय आधी एका बूटपुरते वापरा. ग्रबच्या मेनूत ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पर्याय जोडा, एफ१० दाबा. काही बिघडलं तर रीस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत. गुण आला तरच तो ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये लिहून अपडेट-ग्रब चालवायचं. कुठूनतरी उचललेली पाच-सहा पर्यायांची माळ एकदम घालू नका, ही माझी कळकळीची विनंती. त्यातल्या कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही आणि उरलेले पर्याय वर्षानुवर्षं बॅटरी खात बसतात. नोमोडसेट हा पर्याय तर फक्त चाचणीपुरता. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हरच बाजूला पडतो, रोज वापरायची ती गोष्ट नव्हे.

एनव्हीएमईचा संदेश दिसला असेल तर नव्या कर्नलमध्ये बहुधा शेजारच्याच ओळीत उपायही लिहिलेला असतो: एनव्हीएमई_कोर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=० आणि पीसीआयई_एएसपीएम=ऑफ. पहिला एसएसडीला गाढ झोपू देत नाही, दुसरा जोडणीला. आधी पहिला एकटा वापरून बघा, कारण दुसऱ्याने बॅटरी लवकर उतरते. सोबत स्मार्टसीटीएल या कमांडने डिस्कची तब्येतही पाहून घ्या.

मेमरीचा संशय असेल तर फ्री वजा एच चालवून स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) शून्य तर दाखवत नाही ना ते बघा. तसं असेल तर एफएसटॅब फाइलमधली (त्यात कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी असते) स्वॅपची नोंद चुकीच्या ठिकाणी बोट दाखवत असेल.

नोम म्हणजे उबुंटूचा डेस्कटॉप; त्याच्या एक्स्टेन्शन्सकडे (वरून टाकलेल्या जोडण्यांकडे) लोकांचं लक्ष जात नाही. २२.०४ मधलं नोम ४२ आणि २४.०४ मधलं नोम ४६ यांच्यामध्ये, ४५ व्या आवृत्तीत, एक्स्टेन्शन्स लिहिण्याची पद्धतच बदलली. सगळी बंद करा. त्याहून चांगलं म्हणजे नवा युझर तयार करून दिवसभर त्यातच काम करा. तिथे हँग होत नसेल तर दोष तुमच्या होम फोल्डरमधल्या सेटिंग्जमध्ये आहे आणि त्यासाठी अख्खी सिस्टिम पुसायची गरजच नाही.

एवढं करूनही हाती काही लागलं नाही, तर अपग्रेड आणि हँग यांची गाठ निव्वळ योगायोगाने पडली असण्याची शक्यता धरा. रात्रभर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. त्याची सहाव्या आवृत्तीपासूनची रूपं यूईएफआयवरही (बायोसच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेवरही) चालतात. एकही चूक दिसली तरी रॅम दोषी धरायची. सेन्सर्स या कमांडने तापमान बघा. मग २२.०४ च्या लाइव्ह यूएसबीवर (काही न टाकता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या उबुंटूवर) काही तास काम करा. तिथेही थिजला तर अपग्रेडला बोल लावण्यात अर्थ नाही. बायोसचं अपडेट आलंय का तेही एफडब्ल्यूअपडीएमजीआर या कमांडने तपासा.

तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, त्यामुळे यापुढे नेमकं सांगता येत नाही. लॅपटॉपचं मॉडेल, ग्राफिक्स कार्ड, आत्ताचा आणि आधीचा कर्नल, हँग झाल्यावर कॅप्स लॉकचं काय होतं आणि मागच्या बूटच्या लॉगच्या शेवटच्या तीसेक ओळी एवढं प्रश्नातच जोडा. जुन्या कर्नलवर किती दिवस नीट चालला तेही लिहा. दोष कर्नलचाच निघाला तर उबुंटू-बग लिनक्स ही कमांड वापरून तक्रार नोंदवा. लागणारी बरीचशी माहिती ती आपणहून गोळा करते, आणि त्याच मॉडेलवर अडकलेल्या इतरांनाही त्याचा उपयोग होतो.